पायरीचा दगड

ज्या वर्षी सरकारचा बुलडोझर नदीत उतरला
त्या वर्षी मी एकवीसचा होतो,
आणि तो मीच चालवत होतो.
ओंडके अडू नयेत म्हणून वळणं सरळ केली,
दगड उपसून काठावर ढीग रचले.
पगार रोख. दुपारी कॉफी, रायची भाकर, खारवलेलं डुकराचं मांस.
आपण काही वाईट करतोय
हे आमच्या गावीही नव्हतं.

आता औलूहून ही हिल्का येते,
रबरी पोशाखात छातीभर पाण्यात उभी राहते,
काचेच्या बुडाचं नळकांडं घेऊन वाकते
ती तासन्‌तास वाकलेलीच.
‘काय दिसतं?’ मी काठावरून विचारतो.
‘म्हातारे,’ ती म्हणते.

शिंपले. काळे, तळहाताएवढे,
अर्धे वाळूत रोवलेले, तोंड किंचित उघडं.
दिवसभर नदी आत घेतात, गाळून परत देतात.
एक रिकामं कवच तिनं माझ्या हातावर ठेवलं.
झाडाच्या मोजतात तशा रेघा मोजल्या:
एकशे बारा.
माझ्या आजोबांनी असलेच पोत्यापोत्यानं फोडले होते
एका मोत्यासाठी,
जो मिळाला नाही.

‘आणि सगळ्यात धाकटा?’
ती लगेच बोलली नाही.
नळकांडं उलटं करून आतलं पाणी ओतलं.
‘साठीच्या पुढचा.’
हिशेब करायला मला वेळ लागला नाही.

मग तिनं सांगितलं, कॉफी गार होईपर्यंत सांगितलं:
ऑगस्टात आई पिल्लं सोडते, लाखांनी, धुळीएवढी.
एखादं ट्राउटच्या कल्ल्यात शिरतं,
तिथंच बर्फाखालचा हिवाळा काढतं,
उन्हाळा लागता सुटून तळाशी पडतं,
आणि पुढची कितीतरी वर्षं
खड्यांच्या फटीत, कुणालाही न दिसता, वाढतं.
फट हवी. फटीतून वाहतं पाणी हवं.
(फटी मी बुजवल्या. ट्राउटही मीच घालवले.
तिनं हे म्हटलं नाही.)

तिनं नुसता नकाशा पसरला.
‘कुठला दगड कुठं होता, आठवतं?’

सहज निघाले ते विसरलो.
ज्यांनी छळलं ते सगळे आठवत होते.
जन्मभर मी या नदीला पाण्यात पाहिलं,
म्हणून तर तिचा तळ तोंडपाठ होता.
हा, ज्यानं साखळी तोडली.
हा, ज्याच्यापायी वेइक्कोची दोन बोटं गेली.
वेइक्कोचाच नातू यंत्रावर बसला होता.
मी काठीनं दाखवायचो, तो उचलून ठेवायचा,
ठेवताना इतका हळू, की मला त्याचा राग यायचा.

शेवटी एक जागा उरली. वळणाच्या तोंडाशी.
तिथला दगड खोगिरासारखा, मध्ये खोल.
तो माझ्या सौनाच्या दाराशी होता.
लेम्पीसाठी आणलेला; लग्नाचं पहिलं वर्ष.
त्यावर बसून ती केस वाळवायची,
अंगातून वाफ निघेपर्यंत,
थंडी असो नसो.
‘तो राहू द्या,’ हिल्का म्हणाली. ‘दुसरा बघू.’
मी म्हटलं, पाणी दुसऱ्याला वळायचं नाही.

तो गेला त्या दिवशी मी काठावर आलो नाही.

परवा शंभर ट्राउट सोडले, कल्ल्यांत धूळ घेऊन.
‘कधी कळेल?’
‘दहा वर्षं तरी.’
मी चौऱ्याऐंशीचा. तिला ठाऊक आहे.
खोटं बोलली नाही, हे बरं केलं.

शनिवारी सौना तापवली.
वाफेतून दार ढकललं, सवयीनं पाय टाकला:
पाय दगड शोधत खाली गेला,
हवा होता त्याहून खाली,
बर्फात घोट्यापर्यंत.
तसाच उभा राहिलो, उघडा, बावळटासारखा.
अंधारात वळणाशी काहीतरी बोलत होतं.
लहानपणी ऐकलं होतं, वाटतं.
पाय काढायला हवा होता.
अजून जरा वेळ काढला नाही.